कोपऱ्यातले तीन गुंठे

"मग ते तीन गुंठे गेले कुठं?"

त्र्यंबक भारतीनं आल्या आल्या विचारलं. बूटसुद्धा काढले नव्हते. मठाच्या पायरीखाली उन्हात उभा राहूनच त्यानं विचारलं.

केदारगिरी महाराज ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले, ओळखलं. पुन्हा शेंगा फोडू लागले.

"बस," ते म्हणाले.

"बसायला नाही आलो."

"मग उभा राहा."

तो उभा राहिला.

बालाघाटच्या उतारावरचा हा गोसाव्यांचा मठ. मठाच्या पश्चिमेला लागूनच भारतींचं रान. त्र्यंबक याच ओसरीवर अक्षरं गिरवायला शिकला. पुढं मठ हाच पोरगा सांभाळणार, असं गाव धरून चाललं होतं. तो पुण्याला गेला. भूगोल शिकला. उपग्रहानं टिपलेल्या चित्रांवरून जमीन कशी मोजायची, हे कॉलेजात शिकवू लागला.

मधली बारा-चौदा वर्षं तो इकडं फिरकला नव्हता. जाताना केस काळे होते.

त्यानं मोबाइल काढला आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगावं तसं सांगू लागला. हा नकाशा. म्हणजे वरून काढलेला फोटोच. शेताच्या कोपऱ्यावर बोट ठेवायचं. बोटाखालच्या प्रत्येक जागेला दोन आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. एकेक कोपरा धरत जायचं आणि शेवटी पहिल्या कोपऱ्यावर परत यायचं. रेघ बंद झाली की आतलं क्षेत्र किती ते यंत्रच सांगतं.

सातबाऱ्यावर एक एकर चौदा गुंठे होते. नकाशावर एक एकर अकरा भरत होते.

त्यानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. बोट थोडं इकडंतिकडं झालं तर थोडा फरक पडतो, तेवढा धरायचाच असतो. पण तीन गुंठे ही चूक नव्हे, असं तो म्हणाला. आणि ही तूट सगळ्या शेतात विखुरलेली नव्हती. सगळी एकाच कोपऱ्यात होती. मठाच्या बाजूच्या.

"कोणता कोपरा?" महाराजांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे कोणता."

महाराजांनी एक शेंग फोडली. पोकळ निघाली. टरफल त्यांनी हळूच बाजूला ठेवलं.

माहीत होतंच.

गोसावी आपला माणूस जाळत नाहीत. मातीला देतात, ज्याचं रान असेल तो आपल्या रानात. त्र्यंबकच्या मुलीला, गार्गीला, त्या कोपऱ्यात दिलं होतं. नऊ वर्षांची होती. साधा ताप आला होता. निदान पहिल्या दिवशी सगळे साधाच म्हणत होते. पुण्याहून गाडीत मांडीवर घेऊन आणलं होतं तिला.

वैशाख होता. माती लोटायला लागले तेव्हा तिची आई, शैलजा, एकच वाक्य बोलली होती.

"उन्हात नका ठेवू तिला."

त्या अख्ख्या रानात एक झाड नव्हतं.

वर दगडचुन्याचा लहानसा ओटा बांधायचं ठरलं. तो बांधून व्हायला त्र्यंबक थांबला नाही. बांधकामाचं त्याला पुढं पत्रानं कळलं.

आता नकाशात तो ओटा कुठंच दिसत नव्हता.

"मोडला का तो?" त्र्यंबकनं विचारलं. आवाज वर्गातलाच होता. "नांगर घातला का कुणी? मी भांडायला आलो नाही. पण मला कळायला हवं."

महाराजांनी पुढची शेंग उचलली.

"सरकारी मोजणीचा अर्ज केलाय मी. माणसं येतील, हद्द कायम करतील. तुमचं कुंपण सरकवावं लागेल. म्हटलं, नोटीस येण्याआधी तोंडावर सांगावं. तुमचं खाल्लंय मी."

"आजच सरकव," महाराज म्हणाले.

"काय?"

"कुंपण. कुदळ आतल्या खोलीत आहे. मूठ जरा ढिली झालीये, बेतानं धर."

त्र्यंबकची पुढची वाक्यं तयार होती. वाटेत गाडीत त्यानं ती जुळवली होती. त्यांतलं एकही आता लागू पडेना.

"मला दान नकोय," तो म्हणाला. "माझं आहे तेवढंच हवंय."

"बरं."

"तीन गुंठे."

"बरं म्हटलं ना. उन्हात का उभा आहेस? बूट काढ. मास्तर झालास म्हणून पायरी काही तुला ओळखणार नाही."

त्यानं बूट काढले. ओसरीच्या कडेला टेकला. महाराजांनी मूठभर दाणे त्याच्या पुढ्यात ठेवले. त्यानं घेतले नाहीत.

मग, कुणी विचारलं नसताना, तो शैलजेबद्दल बोलला. दिवाळीपासून ती दवाखान्यात होती. डॉक्टर आधी पुष्कळ बोलायचे. आता येतात, कागद बघतात, खांद्यावर हात ठेवून जातात. तिला सगळं समजतं. परवा तिनं त्याला जवळ बोलावून सांगितलं, मला तिच्या शेजारी ठेवा.

गेल्या बारा-चौदा वर्षांत घरात त्या कोपऱ्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

तो दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसला होता. शेजारी जागा किती आहे ते बघावं म्हणून त्यानं नकाशा उघडला. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही. मोजणं येत होतं, म्हणून मोजलं.

"आणि जागाच नाही," तो म्हणाला. "शेजारी सोडा... तीच नाही."

ओसरीसमोर एक होला उतरला. टरफलं चाळून उडून गेला.

"सूनबाई जेवते का काही?" महाराजांनी विचारलं. शैलजेला ते पहिल्यापासून सूनबाईच म्हणत.

"पातळ काही दिलं तर."

"हं..."

महाराजांनी हातावरची फोलपटं झटकली.

"दाखव तुझं चित्र," महाराज म्हणाले.

त्यानं मोबाइल पुढं धरला. महाराजांनी तो दोन्ही हातांत घेतला, प्रसाद घ्यावा तसा. मठाचं छप्पर त्यांना ओळखू आलं नाही. विहीर आली. ती बघून ते हसले.

"वरून फारच लहान आहे रे सगळं."

"मोठं करता येतं." त्र्यंबकनं दोन बोटांनी चित्र ताणलं.

"हा पांढरा ठिपका कसला?"

"कुठंय? ... शेळी असावी. गोठ्यामागं चरतेय."

"धवळी," महाराज म्हणाले.

"असेल."

"ती संक्रांतीला मेली."

त्र्यंबकनं समजावलं. हा फोटो आत्ताचा नाही. वर्ष-दीड वर्षापूर्वीचा आहे. नवा येईपर्यंत हाच दिसत राहतो.

"म्हणजे अजून चरतेय."

"फोटोत."

"चरू दे." त्यांनी मोबाइल परत केला. "चांगली होती. मारकी होती, पण चांगली होती."

त्र्यंबकला हसू आलं नाही. त्यानं दोन दाणे तोंडात टाकले.

"आता तुझी रेघ दाखव. कुठून निघालास?"

तो बोटानं दाखवत गेला. रस्त्याच्या मोरीपासून निघालो. हा ओढ्याकाठचा बांध. हा वरचा कोपरा, इथं पलीकडं आमच्या चुलत्यांची बाभूळ आहे. इथून खाली, तुमच्या कुंपणाकडं. मग हे असं...

"थांब."

"का?"

"सगळीकडं कोपऱ्यापर्यंत गेलास. इथं मधूनच वळलास."

"वळायलाच हवं. पुढं तुमची हद्द लागते."

"कशावरून?"

"हे बघा ना. हे काळं." त्यानं चित्र आणखी ताणलं. कोपऱ्यात एक मोठा, गोलसर, गडद डाग होता. त्याची काळी सावली शेतात आडवी पसरली होती. "झाड आहे हे. चांगलं वाढलेलं. हे आमचं असूच शकत नाही. म्हणून झाडाच्या आणि सावलीच्या अलीकडून तिरकी रेघ मारली."

"तुमचं का असू शकत नाही?"

"आमच्या रानात झाडच नव्हतं, महाराज. तुम्हाला आठवत नाही? म्हणून तर ती म्हणाली होती, उन्हात..."

तो थांबला.

महाराजांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. ते खांबाला धरून उठले. गुडघे धरल्यामुळं उठायला वेळ लागला. आत गेले, तांब्या भरून आणला आणि त्याच्या हातात दिला.

"एवढं धर. माझा हात कापतो, पाणी सांडतं."

"कुठं जायचंय?"

"रोजचंच आहे."

त्र्यंबक जागचा हलला नाही. मोजणीची माणसं येतील तेव्हा येईन, म्हणाला. संध्याकाळच्या आत पुण्याला पोचायला हवं, म्हणाला. दोन्ही खरं होतं.

"त्र्यंबक, बाळ," महाराज म्हणाले, "वरून पुष्कळ बघितलंस."

आणि काठी टेकत चालू लागले.

तो बूट न घालताच मागं निघाला. ढेकळं तापली होती. त्याच्या पायांची सवय कधीच गेली होती. महाराज पुढं हळूहळू चालत होते आणि मागं वळून बघत नव्हते.

अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, असं का झालं. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"नाही बोललो."

"मी वाट बघत होतो."

"माहीत आहे."

"म्हणून मी परत आलो नाही."

"तेही माहीत आहे."

"आणि आज?"

"आजही मला माहीत नाही रे," महाराज म्हणाले. "त्या दिवशी नव्हतं. आजही नाही."

ते बांध उतरले. त्र्यंबकनं हात पुढं केला, पण महाराजांनी काठीच धरली.

कुंपण आलं. निवडुंगाचं. कुंपणाच्या अलीकडं उंबर होता.

लांबून तो नुसता एक हिरवा ढीग दिसत होता. जवळ गेल्यावर फांद्या कळल्या. त्या जमिनीकडं झुकल्या होत्या, आत शिरताना वाकावं लागलं. बाहेरच्या लखलखाटातून आत आल्यावर त्र्यंबकला आधी काहीच दिसेना. पायाखाली गार लागलं. पिकून पडलेली उंबरं मऊसर फुटत होती. वर पाखरांचा गलका चालला होता.

मग ओटा दिसला.

बुंध्याला चिकटूनच होता. मुळांनी एक बाजू उचलून धरली होती, त्यामुळं तो जरा कलला होता. वरचा चुना ताजा होता. या पाडव्यालाच दिलेला असावा.

त्र्यंबक तांब्या धरून उभा राहिला.

त्याला आठवलं. सगळं आटोपल्यावर, सगळे गावाकडं वळल्यावर, महाराजांनी मठामागून एक रोप उपटून आणलं होतं. वीतभर असेल. दोन पानं, त्यांतलं एक फाटलेलं. ते त्याच्या हातात देऊन म्हणाले होते, लाव. त्यानं ते मातीत खोचलं होतं. सांगितलेलं काम करावं तसं. पाणी घातलं की नाही, हेही आठवत नव्हतं. हात झटकून तो गाडीकडं गेला होता.

त्या वीतभराची त्याला पुन्हा कधी आठवण झाली नव्हती.

आता त्या बुंध्याला त्याची मिठी पुरली नसती.

"हद्दीचा दगड?" त्यानं विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

महाराजांनी काठीनं दाखवलं. बुंध्याच्या पलीकडं, पानांच्या थरातून दगडाचं डोकं वर आलं होतं. त्यावरची छिन्नीची खूण त्र्यंबकच्या आजोबांच्या वेळची. दगड हलला नव्हता. कुंपण दगडाच्याही पलीकडं होतं, मठाच्याच जमिनीत चांगलं मागं घेतलेलं. त्या बाजूची एक फांदी मोकळी वाढली होती.

तो दगडाजवळ जाऊन उकिडवा बसला. तांब्या टेकवून पानं बाजूला केली. मोबाइल दगडावर ठेवला. झाडाखाली यंत्राला जागा सापडायला जरा वेळ लागला. मग ठिपका थरथरला आणि ठरला.

आपल्या पोरांना तो दर वर्षी एक गोष्ट सांगायचा. चित्रावर कितीही बारीक मोजा, एकदा जागेवर जाऊन उभं राहिल्याशिवाय तो आकडा कागदावर उतरवायचा नाही. त्यासाठी तो पोरांना उन्हातान्हात हिंडवायचा. जे जात नसत, त्यांचे मार्क कापायचा.

त्यानं जुनी तिरकी रेघ पुसली. दगडाचा बिंदू घेतला. रेघ मोरीपर्यंत परत नेली. रेघ बंद झाली.

आकडा आला.

त्यानं तो बघितला. मोबाइल खिशात ठेवला.

तांब्या घेऊन तो ओट्यापाशी आला. तांब्यातलं पाणी त्यानं तसंच धरलं होतं, घातलं नव्हतं. ओट्याच्या या बाजूची जमीन त्यानं पायानं चाचपली. मग त्या बाजूची. मग तांब्या खाली ठेवून गुडघ्यावर बसला आणि हातांनी पाला सारू लागला. इथं मूळ. वीतभर सरकला, तिथंही मूळ. मनगटाएवढी, मांडीएवढी. काही ओट्याखालून निघत होती. काही कुठून निघत होती ते कळत नव्हतं.

तो बराच वेळ पाला सारत राहिला. नखांत माती गेली. एका मुळाजवळ त्याचा हात थांबला. त्यानं तो उचलला नाही.

"तोडायला लागतील," तो म्हणाला.

महाराज बुंध्याला टेकून बसले होते. डोळे मिटलेले होते.

"तिच्या शेजारी ठेवायचं म्हणजे... ही तोडायला लागतील. आणि हीच तर..."

त्यानं तळवा त्या मुळावरच दाबला.

"महाराज, तीन गुंठे आहेत. सापडले. सगळे आहेत. आणि वीतभर खणायला जागा नाही. काय सांगू मी तिला जाऊन?"

वरून एक उंबर पडलं. ओट्यावर आपटून घरंगळत खाली आलं. मुंग्यांची रांग जराशी मोडली, पुन्हा जुळली.

महाराजांनी डोळे उघडले. हात लांब करून तांब्या घेतला. हात कापत होता. अर्धं पाणी ओट्यावर पडलं, अर्धं त्र्यंबकच्या मातीनं माखलेल्या बोटांवर.

"सूनबाईला ऐकू येतं ना अजून?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"मग इथं बसू नकोस. आजच जा. तिला सांग... सावली झाली."